मोआबच्या लाल कातळात मुलांसोबत सायकल आणि भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "मुलांना स्प्रिंग ब्रेक आहे, तुम्ही त्या मोआबला जाता ना, कसं करायचं?" आम्ही डेन्व्हरजवळ राहतो आणि मुलं लहान असल्यापासून युटा राज्यातल्या या गावी जवळजवळ दरवर्षी जातो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. सहा ते चौदा वयाची मुलं आणि सोबत भारतातून आलेले आजी-आजोबा, असं घर डोळ्यांसमोर ठेवलं आहे.

मोआबला एवढं आहे तरी काय?

कोलोरॅडो नदीकाठचं, पाच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. उंची साधारण १,२०० मीटर, म्हणजे आपल्या पाचगणीच्या जवळपास, पण पाचगणीची हिरवळ मनातून काढून टाका. चहूकडे विटकरी, शेंदरी, गेरूच्या रंगाचे कडे. गावाच्या उत्तर वेशीला लागूनच आर्चेस राष्ट्रीय उद्यान (आर्च म्हणजे दगडाची नैसर्गिक कमान), पाऊण तासावर कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा 'आयलंड इन द स्काय' हा भाग आणि त्याच रस्त्यावर डेड हॉर्स पॉइंट हे राज्याचं उद्यान. दुसऱ्या बाजूला ला साल डोंगररांग. तिचं सर्वांत उंच शिखर ३,८७७ मीटरचं, त्यामुळे एप्रिलमध्ये लाल कातळामागे पांढरी शिखरं दिसतात.

१९५२ मध्ये चार्ली स्टीन या माणसाला जवळच युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि झोपलेलं गाव एकदम जागं झालं. डोंगराकपारीतले बरेचसे कच्चे रस्ते त्या शोधाशोधीतले आहेत. कॅन्यनलँड्सचा प्रसिद्ध शंभर मैलांचा व्हाइट रिम रस्ताही त्यातलाच. पुढे खाणी थंडावल्या. १९८३ मध्ये ग्रोफ बंधूंनी इथे 'रिम सायक्लरी' हे सायकलचं दुकान काढलं आणि खाणींचं गाव हळूहळू सायकलींचं झालं.

कधी जावं?

मार्चचा उत्तरार्ध ते मेचा मध्य, किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी २२-२३ अंश सेल्सिअस आणि पहाटे ५-६, त्यामुळे स्वेटरही हवा आणि टोपीही. जून ते ऑगस्ट मुलांना घेऊन जाऊ नका, असंच मी सांगते. पारा ३८च्या वर जातो आणि कातळ तव्यासारखा तापतो. आजी-आजोबा उन्हाळ्यात येणार असतील तर ही ट्रिप सप्टेंबरअखेरपर्यंत लांबवा.

कसं पोहोचायचं?

डेन्व्हरहून साधारण ५७० किमी, सहा तास धरा. एप्रिलमध्येही रॉकीजच्या घाटात बर्फ पडू शकतो, आदल्या रात्री हवामान पाहा. सॉल्ट लेक सिटीहून चार तास, ग्रँड जंक्शनहून पावणेदोन. डेन्व्हरकडून येत असाल तर सिस्कोजवळ हायवे सोडून १२८ नंबरचा रस्ता पकडा. शेवटचा मोठा टप्पा थेट नदीच्या काठाने, उंच कड्यांच्या मधून जातो. गाडी हवीच, कारण आर्चेसमध्ये उद्यानाची बस नाही.

किती दिवस पुरतात आणि दिवस कसा आखायचा?

तीन रात्री, चार दिवस. आणि एक नियम, ज्याच्यावर बाकी सगळं उभं आहे: मोआबमध्ये आपला दिवस सकाळी अकराला संपतो असं धरून चाला. सहाला उठायचं, सातला वाटेवर, अकराला परत. दुपारी आंघोळ, जेवण, झोप, हॉटेलचा पूल. पाचनंतर काही मिळालं तर ते वरकड.

हा नियम आम्हाला एका चुकीतून मिळाला. मे महिन्यात आम्ही कोरोना आर्चला साडेदहाला चढायला लागलो. वाट दीड-दोन तासांची, म्हणून चौघांत तीन बाटल्या घेतल्या. परत येताना सावली कुठेच नाही. माझा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. तो आधी कुरकुरत होता, मग त्याचं कुरकुरणं थांबलं आणि तो नुसताच चालायला लागला. मला वाटलं शहाण्यासारखा चालतोय. त्याचा हात धरला तर कोरडा, गरम. एका दगडाच्या वितभर सावलीत त्याला बसवलं. एका अनोळखी बाईंनी त्यांच्या पिशवीतलं पाणी दिलं, ते त्याच्या मानेवर ओतलं, मिठाचे दाणे चाटवले आणि घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने तो हसला. रडणाऱ्या मुलाची काळजी करा, पण गप्प झालेल्या मुलाची त्याहून जास्त.

आमची आखणी अशी असते. पहिल्या दिवशी संध्याकाळी आर्चेसमधला विंडोज भाग आणि डबल आर्च. दोन्ही ठिकाणी चालणं थोडं, थकून आलेल्या मुलांना झेपेल इतकंच. दुसऱ्या सकाळी सायकल. तिसऱ्या सकाळी डेड हॉर्स पॉइंटला सायकल आणि तिथूनच पुढे कॅन्यनलँड्सचा मेसा आर्च, जेमतेम एक किलोमीटरची फेरी. चौथ्या दिवशी अंधारातच निघून डेलिकेट आर्च, मग घरचा रस्ता. यात आणखी काही कोंबू नका.

मुलं फक्त गल्लीत सायकल चालवतात. इथे झेपेल का?

झेपेल, वाट नीट निवडली तर. गावाच्या उत्तरेला दहा-पंधरा मिनिटांवर 'मोआब ब्रँड्स' नावाचं वाटांचं जाळं आहे. गुरांना डागायच्या खुणांवरून या वाटांची नावं पडली आहेत. त्यातली 'बार एम' ही सुमारे आठ मैलांची फेरी बहुतांशी जुन्या कच्च्या रस्त्यावरून जाते, रुंद आहे, मोठे चढ नाहीत. आठ मैल जास्त वाटत असतील तर शेजारच्या छोट्या सोप्या वाटा आहेत. पाटीवर हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे आपल्यासाठी नाही.

डेड हॉर्स पॉइंटमधलं 'इंट्रेपिड' जाळं मला त्याहून आवडतं. पहिली फेरी फक्त १.१ मैलाची, पुढची ४.२ मैलांची. पायवाटेएवढी अरुंद वाट, जुनिपरच्या झुडपांतून वळत वळत जाणारी, आणि मधेच कड्याच्या टोकाशी नेऊन सोडते. खाली सहाशे मीटरवर कोलोरॅडो नदी गोल वळसा घेते. दूरवर निळेशार चौकोनी तलाव दिसतात. ते पोटॅशच्या खाणीचे. पाणी लवकर आटावं म्हणून त्यात निळा रंग घालतात. कड्यापाशी मात्र सायकल आडवी ठेवायची, मुलांचा हात धरायचा आणि मगच पुढे जायचं. बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत.

अगदीच नवखी मुलं असतील, तर गावापासून आर्चेसच्या दारापर्यंत आणि पुढेही रस्त्यापासून वेगळा डांबरी सायकलमार्ग आहे. नदीवर सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र पूल आहे. पहिल्या संध्याकाळी तिथे सराव करा.

सायकली घरून न्याव्या की तिथे भाड्याने घ्याव्या?

मुलांकडे चांगल्या सायकली असतील तर न्या, सवयीच्या ब्रेकचा फायदा असतो. मोठ्यांनी तिथे घ्या. गावात भरपूर दुकानं आहेत, फक्त स्प्रिंग ब्रेकला मुलांच्या मापाच्या सायकली आधीच संपतात, म्हणून महिनाभर आधी सांगून ठेवा.

भाड्याची सायकल ताब्यात घेताना बघायची मुख्य गोष्ट ब्रेकचा दांडा. एका वर्षी लेकीला मिळालेली सायकल उंचीला बरोबर होती, पण दांडा हँडलपासून इतका लांब की तिची बोटं टोकालाच पोहोचत. पहिल्या उतारावर ती पाय घासत थांबली. त्या दांड्याला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दांडा जवळ येतो. दोन मिनिटांचं काम. आता मी दुकानातच मुलांना हँडल धरायला लावते आणि एका बोटाने ब्रेक दाबून दाखवायला सांगते. शिवाय ट्यूब नसलेले, आत सीलंट भरलेले टायर मागा, इथले काटे साध्या ट्यूबला सोडत नाहीत. पूर्ण बोटांचे हातमोजे सगळ्यांना घ्या. हा कातळ म्हणजे सुताराकडचा पॉलिश पेपर आहे, पडलात तर तळहात सोलवटतो.

प्रसिद्ध स्लिकरॉक ट्रेलवर मुलांना न्यावं का?

नाही. दहा मैलांहून थोडी जास्त लांब, सगळी उघड्या कातळावरून, भिंतीसारखे चढ आणि पोटात गोळा आणणारे उतार. १९६९ मध्ये ही वाट मोटरसायकलींसाठी आखली गेली, सायकली नंतर आल्या. सरावाची छोटी फेरीही सोपी नाही.

पण मुलांना तिथे पायी जरूर न्या. दगडावर रंगवलेल्या पांढऱ्या खुणांच्या मागोमाग पाचशे पावलं चाला. घोड्यांच्या लोखंडी नाला या दगडावरून घसरत, म्हणून तो 'स्लिक'. रबराला मात्र तो गोंदासारखा धरतो. बुटांनिशी तिरक्या कातळावर उभं राहिलं की पहिल्यांदा भीती वाटते, मग पाय सरकतच नाही हे कळतं आणि मुलं पालीसारखी वर-खाली पळायला लागतात. सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या काळ्या कातळावर जपून पाय टाकायला शिकलेल्या आपल्या पायांना हे पटायला वेळ लागतो.

राष्ट्रीय उद्यानांत सायकल चालते का?

फक्त गाड्यांच्या रस्त्यांवर. पायवाटांवर अजिबात नाही. आर्चेसचा रस्ता अरुंद आणि गर्दीचा आहे, मुलांना तिथे सायकलवर आणू नका. सायकल बाहेर, पाय आत.

डेलिकेट आर्चला आजी-आजोबांना जमेल का?

जाऊन-येऊन ४.८ किमी, चढ १४६ मीटर. सिंहगड पायी चढणाऱ्यांना हे अंतर काहीच नाही. पण मधला मोठा टप्पा उघड्या तिरक्या कातळावर आहे, आणि शेवटी साधारण दोनशे मीटर एका बाजूला कडा ठेवून कोरलेल्या पट्टीवरून चालावं लागतं. गुडघे ठीक असतील आणि उंचीची भीती नसेल तर पहाटे न्या, हातात काठी द्या, घाई करू नका. नाहीतर गाडीने पुढे जाऊन खालच्या व्ह्यूपॉइंटवरून, सपाट शंभर पावलांवर, कमान लांबून दिसते. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

माझे बाबा सत्तरीचे असताना वर आले. वाटेत सुरुवातीलाच वुल्फ नावाच्या माणसाची लाकडी खोपटी आहे. तो १८९८ मध्ये इथे राहायला आला आणि १९०६ मध्ये लेक आली तेव्हा तिच्यासाठी ही बरी खोली बांधली. बाबा तिथे बराच वेळ रेंगाळले. शेजारच्या कातळावर यूट या इथल्या मूळ रहिवाशांनी कोरलेले घोडेस्वार आहेत, तेही पाहिले. वर पोहोचल्यावर शेवटचं वळण आलं आणि समोर ती एकटी कमान, मागे ला सालची बर्फाची रांग. बाबा थांबले आणि म्हणाले, "अगं, हे तर नेढं!"

नेढं म्हणजे कातळातलं आरपार भोक. तेव्हापासून आमच्या घरात आर्चला नेढंच म्हणतात. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं, रतनगडावरचं नेढं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मुलांना समजावायला याहून नेमका शब्द सापडणार नाही. इथे अशी दोन हजारांवर नेढी आहेत.

ही नेढी बनली कशी? मुलं विचारतात आणि आम्हाला सांगता येत नाही.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो पुन्हा पुन्हा आटला आणि मिठाचा प्रचंड जाड थर मागे राहिला. त्यावर वाळू, गाळ साचत गेला आणि त्याचा दगड झाला. आता मीठ दगडासारखं कडक राहत नाही. वरून भार पडला की ते हळूहळू सरकतं, कुठे फुगतं, कुठे खचतं. पोळीच्या कणकेवर तळहात दाबला की ती बाजूला फुगते, तसं. खालचं मीठ फुगलं की वरचा दगड वाकतो आणि त्याला समांतर चिरा पडतात. चिरांमध्ये पाणी शिरतं, त्या रुंदावतात, आणि मधे उरतात पावाच्या कापांसारख्या उभ्या भिंती. त्यांना इथे 'फिन' म्हणतात. पाणी वाळूचे कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि दगडाचे टवके काढतं. भिंत खालून पोखरत गेली की एक दिवस आरपार भोक पडतं. मग ते मोठं होत जातं, आणि शेवटी कमान पडते.

हे सगळं आजही चालू आहे. लँडस्केप आर्चचा पल्ला ९३ मीटर आहे. १९९१ मध्ये तिच्या खालून दगडाची मोठी लादी सुटून पडली, तेव्हापासून तिच्याखाली जाणं बंद आहे. २००८च्या ऑगस्टमध्ये त्याच वाटेवरची वॉल आर्च रात्रीत कोसळली. आणि लाल रंग? वाळूच्या कणांवर लोहाचा गंज चढला आहे. कोकणातली जांभ्याची माती ज्यामुळे तांबडी, त्यामुळेच हा कातळ.

अगदी लहान मुलांसाठी सर्वांत चांगली जागा कोणती?

आर्चेसमधली सँड ड्यून आर्च, निःसंशय. दोन उंच भिंतींच्या फटीतून आत गेलं की सावलीतली मऊ, गार वाळू आणि वर छोटीशी कमान. चालायला पाच मिनिटं. माझी मुलं तिथे दोन तास खेळली आहेत. पाण्याची हौस असेल तर ग्रँडस्टाफ कॅन्यन. तिथे ओढा वाहता असतो, पाण्यातून तो पुन्हा पुन्हा ओलांडायचा, आणि टोकाला ७४ मीटर पल्ल्याचा नैसर्गिक दगडी पूल. फक्त तिथे तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही आहे, तिला हात लावला की अंगावर पुरळ उठतं. मुलांना ती आधी दाखवून ठेवा.

"मातीवर पाय देऊ नका" अशा पाट्या का आहेत?

हे मनापासून लिहिते, कारण आपल्याकडून ही चूक नकळत होते. वाटेच्या बाजूला काळपट, खडबडीत, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी माती दिसेल. ती जिवंत आहे. तिच्यात सायनोबॅक्टेरिया (एक प्रकारचे सूक्ष्म जीवाणू), शेवाळ, दगडफूल असं सगळं एकत्र राहतं. पाऊस पडला की सायनोबॅक्टेरिया हलतात आणि मागे चिकट धागे सोडतात. त्या धाग्यांनी वाळू बांधली जाते, वाऱ्याने उडत नाही, पाणी धरते, आणि मग तिथे झाड उगवतं. एका पावलाने ती चुरा होते आणि पुन्हा तशी व्हायला अनेक दशकं लागतात. फोटोसाठी चार पावलं आत जाऊ नका. चालायचं ते कातळावर, वाटेवर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूत.

कातळावरच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यातही हात-पाय घालू नका. एकदा लेक पालथी पडून अर्धा तास एका घमेल्याएवढ्या खळग्यात बघत होती. नखाएवढे, ढाल पाठीवर घेतल्यासारखे जीव त्यात फिरत होते. त्यांची अंडी वर्षानुवर्षं सुक्या मातीत पडून राहतात आणि पाऊस आला की फुटतात. आपल्या हातावरचं सनस्क्रीन एवढ्याशा पाण्यात उतरलं तर त्या जिवांचं सगळं जग बिघडतं.

पाणी किती न्यायचं?

माणशी दिवसाला चार लिटर. मुलांनाही. पाठीवरची नळीची पिशवी असली की मुलं आपोआप पितात. उद्यानात पाणी मोजक्या ठिकाणीच मिळतं: आर्चेसमध्ये मुख्य दारापाशी आणि डेव्हिल्स गार्डनला. म्हणून गाडीत कॅन भरून ठेवाच. पाण्याबरोबर खारवलेलं काहीतरी हवं. आम्ही खारे दाणे आणि कोकम-साखर-मिठाची पूड नेतो.

पावसाची भीती कितपत?

जुलै ते सप्टेंबर वादळी सरी येतात. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतं आणि वीस किलोमीटरवर पडलेला पाऊस कोरड्या नाळेतून लाल लोंढा होऊन येतो. ढग दिसत असतील तर अरुंद घळीत शिरायचं नाही. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, थांबलं की ओसरतं.

शाकाहारी जेवणाचं काय?

गावात मोठं किराणा दुकान आहे, तांदूळ, भाज्या, दही सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. आम्ही घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि मेथीचे ठेपले नेतो. कोरड्या हवेत पोळी तासाभरात कडक होते, दशमी दुधातली असल्यामुळे टिकते. राष्ट्रीय उद्यानांत खायला काही मिळत नाही, डबा सोबत हवाच.

टॉयलेटची सोय?

पार्किंगपाशी असते, वाटेवर नसते. इथे घाण कुजत नाही, म्हणून ती बंद पिशवीत परत आणायची. तशा पिशव्या गावात मिळतात. मुलं बरोबर असताना दोन घेऊन ठेवा, संकोच करू नका.

परवाने आणि पैसे?

आर्चेसला गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतात. २०२२ पासून काही वर्षं गर्दीच्या महिन्यांत ठरावीक वेळेचं आरक्षण लागत होतं. नियम बदलत असतात, निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर पाहाच. डेड हॉर्स पॉइंट राज्याचं उद्यान आहे, तिथे राष्ट्रीय पास चालत नाही. अमेरिकेत चौथीत शिकणारं मूल घरात असेल तर त्याच्या नावाचा मोफत पास काढा. आर्चेसमध्ये तंबू टाकायचा असेल तर आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि लगेच संपतं.

रात्री काही करण्यासारखं आहे का?

आकाश. आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि डेड हॉर्स पॉइंट या तिन्ही जागांना गडद आकाशाची आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. ट्रिपची तारीख ठरवताना कालनिर्णय काढा आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस पाहा. टॉर्चवर लाल कागद लावा, मोबाईल खिशात ठेवा, वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आम्ही विंडोजच्या पार्किंगपासून थोडं पुढे, सपाट कातळावर चादर टाकतो. रात्री दहालाही तो पाठीला कोमट लागतो, दिवसभराचं ऊन त्यात असतं. आईने तिथे मुलांना सप्तर्षींवरून ध्रुव शोधायला शिकवला. धाकट्याला तो पहिल्यांदा सापडायला बराच वेळ लागला. सापडला तेव्हा तो आजीच्या पोटावर डोकं ठेवून होता, आणि खोलीवर जायला उठेना.